रोझी या शब्दाचा वाक्यात उपयोग

सातारा, १२ जानेवारी, सोमवार

शाळेतल्या सिस्टर आग्नेस म्हणायच्या, नवी डायरी सुरू केली की आधी तिला घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी, म्हणजे पुढे ती गोंधळत नाही. पाचगणीच्या थंडीत काकडलेल्या बोटांनी आम्ही मुली ते इमानाने करायचो. आता साठी उलटली तरी ती सवय मोडवत नाही.

मी राजेश्वरी. घरात मी आणि हे. हे म्हणजे उदयसिंह, फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त, सध्या गच्चीवरच्या कुंड्यांचे प्रमुख. थोरल्या जाऊबाई चंद्राबाई मेढ्याजवळ आमच्या गावी राहतात. दिवाळीपासून मात्र त्या सांगलीला मुलीकडे, क्रांतीकडे आहेत, कारण त्यांच्या हृदयाची झडप बिघडली आहे. त्यांचा मुलगा साईराज फौजेत आहे, वर डोंगरात कुठेतरी. थोरले दीर गेले तेव्हा तो लहान होता. शाळेसाठी आमच्याकडे आला आणि बारावी होईपर्यंत राहिला. आम्हाला मूल नाही. हे एकदा सांगून ठेवते, पुन्हा सांगणार नाही.

साईराज अधिकारीपदाच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. इंग्रजी माझ्याकडे. तो एक शब्द पाठवतो, मी फोनवर बोलून अर्थ पाठवते, तो वाक्य करून धाडतो. आजचा शब्द रोझी.

पहिला अर्थ, गुलाबाच्या रंगाचं. दुसरा, तब्येतीने तजेलदार, विशेषतः गालांसाठी. आमच्या वाचनमालेतल्या सगळ्या मुलींचे गाल रोझी असायचे. पाचगणीत आमचे गाल नुसते फुटायचे आणि सिस्टर त्यांना व्हॅसलीन चोपडायच्या. तिसरा अर्थ, आशादायक. भविष्य रोझी, चित्र रोझी. मी त्याला हेही सांगितलं की मराठीत शब्दशः गुलाबी म्हणून चालत नाही. आपली थंडी गुलाबी असते, पण तब्येत किंवा भविष्य गुलाबी आहे असं कोणी म्हणत नाही. म्हटलंच तर लोक वेगळाच संशय घेतात.

हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "एवढं मोठं ब्रीफिंग? कंपनी झोपली असेल."

कंपनी झोपली नव्हती. साईराजचं उत्तर लगेच आलं. पूर्वी दोन-दोन दिवस रेंज नसायची, हल्ली हाक मारावी तसा ओ देतो. तिकडच्या सोयी फारच सुधारलेल्या दिसतात.

१५ जानेवारी, गुरुवार

साईराजची वाक्यं आली. पहिलं, सकाळचं आभाळ रोझी आहे. ठीक. दुसरं, परिचारिकेचे गाल रोझी आहेत.

व्याकरण बिनचूक. पण डोंगरावर परिचारिका कुठून आली, असा विचार मनात आला. कदाचित तपासणी शिबिर लागलं असेल. मी यांना म्हटलं, मुलगा सव्वीसचा झाला, गालांकडे लक्ष जाणारच. हे उठले. कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळी घातलं होतं.

क्रांतीला फोन करून हळूच सांगितलं. ती म्हणाली, काकी, आईला नका सांगू, ती लगेच जात विचारेल.

सांगली, २० जानेवारी, मंगळवार

जाऊबाईंना डॉक्टरांकडे नेलं. झडप बदलायला हवी आणि लवकर बदलायला हवी, असं त्यांनी सांगितलं. जाऊबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साईराज येऊ दे. तो दाराबाहीर बसल, मग मी आत जाईन."

डॉक्टर म्हणाले, मुलगीही बसू शकते. जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचा रुग्ण बोलवायला लागले.

कारण आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. थोरले दीर ऑपरेशनला आत गेले तेव्हा बाहेर घरचं कोणी नव्हतं. मुलं लहान, जाऊबाई रक्ताच्या बाटलीसाठी धावत होत्या. दीर बाहेर आले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं आहे की बाहेर आपलं माणूस बसलं की आतलं माणूस परत येतं. डॉक्टरी शास्त्रात हे बसत नाही, पण जाऊबाईंना शास्त्रात बसवायला आजवर कोणाला जमलेलं नाही.

मग साईराजला बोलवा, असं कोणीही म्हणेल. पण आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असतो, आणि ठाण्यावरच्या माणसाला घरची वाईट बातमी कळवायची नाही, हा तिथला शिरस्ता आहे. अर्धं चित्त घरी ठेवून बंदूक धरता येत नाही, असं म्हणतात. मरण असलं तरी तो सुट्टीवर आला की एसटीच्या थांब्यावर कोणीतरी गाठतं आणि तिथे सांगतं. तोवर पत्रात, आणि आता फोनवर, सगळं खुशाल. सून म्हणून मी या घरात आले तेव्हा मला हे फार सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं.

तेव्हा ठरलं असं, की साईराजला फक्त सुट्टीचं विचारायचं. कारण सांगायचं नाही.

रात्री जाऊबाई दोन उशा घेऊन, टेकून झोपल्या. आडवं झालं की दम लागतो. मला म्हणाल्या, "मड्डम, तुजा लेक कवा येतोय त्ये तूच इचार. माझ्यापरास तुझं ऐकतोय."

हा टोमणा जुना आहे. मला तो दर वेळी आवडतो.

सातारा, २४ जानेवारी, शनिवार

साईराजशी व्हिडिओवर बोलले. सुट्टी मार्चनंतर म्हणाला, कसला तरी कोर्स लागला आहे. बारीक झाला आहे, पण दाढी गुळगुळीत. त्याची खोली छान वाटली. पांढऱ्या भिंती, मागे हिरवा पडदा, खाटेवर स्वच्छ चादर. पूर्वी तो चालत-चालत बोलायचा, मागचे डोंगर दाखवायचा, माझं डोकं गरगरायचं. आता निवांत टेकून बसतो. कुणीतरी बाई हिंदीत म्हणाली, कूस बदला. मी विचारलं कोण, तर म्हणाला टीव्ही.

आईचं विचारलं. मी म्हटलं मजेत आहे, क्रांतीच्या दारात बसून हळदीच्या भावावर मत देत असते. क्रांतीचे यजमान मार्केट यार्डात आहेत, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं.

फोन ठेवल्यावर वाटलं, दोघंही किती समाधानाने बोललो.

२८ जानेवारी, बुधवार

यांना हल्ली फोन आला की हे गच्चीवर जातात. खाली रेंज नाही म्हणतात. माझ्या फोनला आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

कपाट आवरताना यांची जुनी पत्रं निघाली. आंतरदेशीय, निळी, कडा फाटलेली. दुपारभर वाचत बसले. इथे हवा उत्तम आहे. जेवण उत्तम आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. एका पत्रात तर सूर्योदयाचं वर्णन आहे. ते पत्र मी तेव्हा उशाखाली ठेवून झोपायचे.

यांना ते वाचून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "हे कमांड हॉस्पिटलातून लिहिलेलं. कावीळ झाली होती. खिडकी पूर्वेला होती."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"नंतर बरा झालो ना. मग काय सांगायचं?"

खरं म्हणजे त्यात राग धरण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं झाली. पत्र परत घडी करून ठेवलं. साईराजला मात्र हा किस्सा पाठवला, त्याला गंमत वाटेल म्हणून. त्याने नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

साईराज पुन्हा रोझीवर आला. त्याने विचारलं, काकी, हा शब्द चांगल्यासाठी वापरतात की फसवण्यासाठी? प्रश्नपत्रिकेत वाक्य आहे की मंत्र्याने रोझी चित्र रंगवलं. यात मंत्री चांगला की वाईट?

प्रश्न चोख आहे. सिस्टर आग्नेस खूश झाल्या असत्या. मी शब्दकोश काढून बसले. संध्याकाळी उत्तर दिलं: दोन्ही. पण खरा वापर पाहिला तर इंग्रज लोक हा शब्द बहुतेक नकाराबरोबरच घेतात. परिस्थिती काही रोझी नाही, असं. आणि चित्र रोझी म्हटलं की म्हणणाऱ्याचा त्यावर विश्वास नसतो. पण म्हणून तू निराश होऊ नकोस, गालांसाठी तो अजूनही चांगला आहे.

तो म्हणाला, मग स्वतःच्या चित्राला कुणी रोझी म्हणत नाही?

नाही, मी म्हटलं. ते बाहेरून बघणाऱ्याला दिसतं. रंगवणारा आपलं रंगवत असतो.

 उत्तर जेवणं उरकल्यावर आलं: समजलं काकी.

काय समजलं ते वाक्यात उपयोग करून दाखव, असं मी लिहिलं. त्याने ते अजून केलेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

क्रांतीचा फोन. जाऊबाईंच्या पायांना सूज आहे, आता बसल्या जागीही दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलं, या आठवड्यात करा, नाहीतर नंतर मी करायला धजणार नाही. जाऊबाईंचं तेच. साईराज येऊ दे.

मी यांना म्हटलं, मी त्याला खरं सांगणार आहे. शिरस्ता गेला चुलीत.

हे उभे राहिले. "सांगायचं नाही. हुकूम समज."

लग्न झाल्यापासून यांनी मला हुकूम दिलेला नाही. भाजीत मीठ नसलं तरी पानाच्या कडेला बघत बसतात, पण मागत नाहीत. मला राग येण्याऐवजी आश्चर्य वाटलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्याला येता येणार नाही."

"हे तुम्हाला काय माहीत?"

हे गच्चीवर गेले. फोन आलेला नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हे मंडईत गेल्यावर साईराजला फोन लावला. इंग्रजीत सांगितलं. मराठीत सांगायला गेले असते तर मध्येच कुठेतरी गोड केलं असतं. तुझ्या आईच्या हृदयाची झडप खराब आहे. या आठवड्यात ऑपरेशन झालं नाही तर ती जाईल. तू आल्याशिवाय ती आत जायला तयार नाही. एवढी तीन वाक्यं. सगळी साधी.

तो मराठीत म्हणाला, "काका तर म्हणाले आई बरी हाय. शेंगा सोलत बसती म्हणाले."

"काका कधी म्हणाले?"

"रोज म्हणतात."

मग त्याने फोन फिरवला. हिरवा पडदा गेला, चादर आली, आणि चादरीवर त्याचा डावा पाय. गुडघ्याखाली संपलेला. पट्टी फार नीट बांधली होती, शाळेच्या पहिल्या दिवशी वहीला कव्हर घालतात तशी.

गाडी घसरून दरीत गेली, डिसेंबरात. घरचा नंबर म्हणून त्याने काकांचा दिला होता, म्हणून फौजेचा फोन काकांना आला. आता त्याला पुण्याला हलवणार आहेत, कृत्रिम पाय बसवायला. परीक्षेचं आता काही नाही. शब्द पाठवत राहिला, कारण वेळ जात नव्हता.

"काकी, आईला सांगू नका," म्हणाला.

मागून परिचारिका डोकावली आणि मला नमस्ते म्हणाली. तिचे गाल खरोखर रोझी आहेत. केरळची आहे, दोन मुलं आहेत.

हे पिशवी घेऊन आले. माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी तिथेच उंबऱ्यात ठेवली.

"दोन्हीकडचे निरोप मीच पोचवत होतो," म्हणाले. "त्याला सांगावं तर तो तिथे पडून तडफडेल. वैनीला सांगावं तर तिचं हृदय बंद पडेल. रोज सकाळी उठून ठरवायचो, आज कोणाला सांगायचं. रोज उद्यावर टाकायचो."

"आणि मला?"

"तू त्याला शब्द शिकवत होतीस. तेवढा वेळ तो बरा असायचा. तुला कळलं असतं तर शिकवता आलं असतं?"

मी विचार केला. आलं नसतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. वांगी फ्रिजमध्ये ठेवली आणि सांगलीला जायची बॅग भरली. त्यांचीही भरली.

सांगली, ११ फेब्रुवारी, बुधवार

जाऊबाई क्रांतीच्या पुढच्या खोलीत उशांना टेकून बसल्या होत्या. रस्त्यात मी वाक्यं जुळवत आले होते, हे खिडकीबाहेर बघत होते. आत शिरल्यावर एकही जुळलेलं वाक्य आठवलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आक्का, साईराजचा अपघात झाला आहे. जिवंत आहे. पाय गेला.

क्रांतीच्या हातातून तांब्या पडला. जाऊबाई हलल्या नाहीत.

"कुठला?"

"डावा."

"गुडघा?"

"गुडघा आहे."

मग त्या यांच्याकडे वळल्या. "भावजी, तुमी रोज फोन करून त्येच्या जेवणाचं सांगत हुता."

"व्हय वैनी."

"त्ये जेवान तरी खरं हुतं?"

"ते खरं होतं. मी रोज विचारत होतो."

 मी पाणी पुढे केलं, जाऊबाईंनी घेतलं नाही. शेवटी पदराने तोंड पुसलं आणि क्रांतीला म्हणाल्या, "डाक्टरला सांग, मला उद्या टेबलावर घाल म्हणावं."

क्रांती म्हणाली, "आई, दादाशिवाय?"

"त्यो कुबड्यांवर दारात यायचा आन् मी खाटंवर? त्येला पाणी कोन तापवून देनार, ही मड्डम? हिला बंबात लाकडं घालता येत न्हाईत." मग दम लागला म्हणून थांबल्या. "सही तू कर. आन् त्येला फोन लाव. बघू दे मला."

फोन लावला. साईराज रडायला लागला. जाऊबाई म्हणाल्या, "रडू नगं. पाय दाव."

त्याने दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, बाजारात वांगं पाहतात तसा, सगळीकडून.

"बांधलंय चांगलं," म्हणाल्या. "लय वाळलायस मात्र. का म्हून खोटं बोललास माझ्यासंगं?"

"तू तरी कुठं खरं सांगितलंस, आई?"

"मी आई हाय," जाऊबाई म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासण्या चालल्या आहेत. सोमवारची वेळ मिळाली. साईराजचा निरोप आला: परीक्षा नसली तरी शब्द चालू ठेवू या का? मी हो म्हटलं. त्याने राहिलेलं वाक्य पाठवलं. आमच्या घरी सगळे रोझी बोलतात.

वाक्य चुकीचं आहे, बोलणं रोझी नसतं. मी चूक दाखवली नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जाऊबाईंना सकाळी आत नेलं. जाताना त्यांनी बाहेरच्या खुर्च्यांकडे पाहिलं, मोजल्यासारखं.

क्रांती, हे आणि मी बसलो. साईराज फोनवर होता. तिकडे त्याची ड्रेसिंगची वेळ झाली, तरी त्याने फोन ठेवला नाही, नुसता उताणा केला. आम्हाला बराच वेळ छताचा पंखा दिसत होता.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. थकले होते, इंग्रजीतच बोलले, भरभर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे, क्रांती, आणि फोनमधून साईराज. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. छान झालं म्हणतात, काळजीचं कारण नाही. असं वाक्य मी आयुष्यभर सांगत आले आहे आणि मला ते चांगलं सांगता येतं.

मी म्हटलं, "झडप बसली आहे. हृदय आपलं आपण चालतंय. पण मूत्रपिंडं नीट काम करत नाहीयेत, आणि शुद्धीवर यायला वेळ लागतोय. दोन दिवस काही सांगता येणार नाही म्हणाले. वाचेल असंही म्हणाले नाहीत, वाचणार नाही असंही म्हणाले नाहीत."

क्रांती भिंतीला टेकली. यांनी तिचा हात धरला.

साईराजने विचारलं, "अजून काय म्हणाले?"

"एवढंच."

"खरं, काकी?"

"खरं."

"बरं. मग मी बसतो," तो म्हणाला. "मला दाराकडं तोंड करून ठेवा."

क्रांतीने दाराजवळची खुर्ची ओढून घेतली आणि फोन पाठीला टेकवून ठेवला, दाराकडे तोंड करून. यांनी चार्जर शोधून आणला, वायर पुरेना म्हणून खुर्ची जरा सरकवली. मग आम्हीही दाराकडे तोंड करून बसलो.

संध्याकाळी दाटी झाली. पागोटं घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले, कोणाचं तरी माणूस आत होतं. त्यांना फक्त ती एकच खुर्ची मोकळी दिसली. ते फोन उचलून बाजूला ठेवायला वाकले.

क्रांती म्हणाली, "आवं, तितं बसू नगा. तितं माणूस हाय."

म्हाताऱ्यांनी फोनकडे पाहिलं. फोनमधून साईराज त्यांना नमस्कार म्हणाला. त्यांनीही हात जोडले, आणि भिंतीकडेला जमिनीवर टॉवेल अंथरून बसले.